कव्हरवर नसलेलं नाव

वाचकाचं पत्र:

मावशी, सा. न. माझं वय ३७. नाशिकमध्ये सातपूरला राहते. मिस्टर अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये आहेत, मुलगी आठवीत आहे. एम.एस्सी. गणित केलं, कॉलेजात शिकवण्यासाठीची सेट परीक्षा पास झाले, मग मुलगी झाली आणि कॉलेजची नोकरी राहूनच गेली. गेली ९ वर्षं कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. क्लासचं जे पुस्तक मुलं वापरतात ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी लिहिलंय. कव्हरवर सरांचं नाव आहे. सर सगळ्यांसमोर म्हणतात, "सगळं मॅडमनीच केलंय." पण नावाचं काढलं की म्हणतात, "पुस्तक क्लासच्या नावावर चालतं, तुमच्या नावाला कोण ओळखतंय?" पीएच.डी. करायची इच्छा अजून आहे. सासूबाई मनानं वाईट नाहीत, पण तो विषय निघाला की म्हणतात, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलंय. मागच्या महिन्यात सुरगाण्याकडची एक मुलगी डाउटसाठी थांबली होती. तिनं विचारलं, "मॅडम, बारावीनंतर नुसतं गणितच शिकायचं असेल तर पुढं काय असतं? बायका करतात का ते?" मला उत्तर देता आलं नाही. नावासाठी भांडू का? की पगार वेळेवर मिळतोय म्हणून गप्प बसू? आणि पीएच.डी. आता डोक्यातून काढून टाकू का?
सातपूरहून एक वाचक

लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली, पेपर तपासायला बसावं तशी. आणि एका वाक्याखाली रेघ मारली: "तुमच्या नावाला कोण ओळखतंय?"

तुला ताटकळत ठेवत नाही, उत्तर आधी देते. नाव माग. पीएच.डी. डोक्यातून काढू नकोस. पगारही सोडू नकोस. तिन्ही एकदम कसं जमायचं, असं तुला वाटेल. सबुरीनं आणि हातात कागद ठेवून जमतं. त्याआधी तुला एका बाईबद्दल सांगायचं आहे. तिनं आपलं निम्मं नाव झाकून विद्यापीठात पाऊल टाकलं आणि पुढचं सगळं आयुष्य बायकांची पूर्ण नावं कागदावर यावीत म्हणून घालवलं.

तिचं नाव क्रिस्टीन लॅड. जन्म १ डिसेंबर १८४७, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला. आई बायकांच्या हक्कांवरच्या व्याख्यानांना लेकीला बोट धरून घेऊन जायची. क्रिस्टीन बारा वर्षांची असताना आई गेली. तेव्हा वासर नावाचं मुलींचं कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि हिला तिथं जायचं होतं. आजीचं म्हणणं असं, की शिकून बाहेर पडेपर्यंत पोरीचं लग्नाचं वय निघून जाईल. मग हिनं आजीपुढे हिशोब मांडला. आपल्या भागात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत, मी दिसायलाही काही देखणी नाही, म्हणजे नवरा मिळण्याची शक्यता तशीही कमीच, मग शिकून पायावर उभी राहिलेली काय वाईट? आजीला हिशोब पटला. कुठल्याही मुलीला स्वतःच्या रूपाबद्दल असं बोलावं लागू नये, ते वाचून मला वाईटच वाटतं. पण आजीचा मुद्दा घेऊन आजीलाच पटवायचं, हे कसब मात्र बघून ठेव. सासूबाईंच्या वेळी कामाला येईल.

वासरमध्ये तिला मारिया मिचेल ही नावाजलेली खगोलशास्त्रज्ञ शिकवायला होती. क्रिस्टीनचा खरा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. पण त्या काळी प्रयोगशाळेत बायकांना शिरकाव कोण देणार? गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरते, म्हणून ती गणिताकडे वळली. १८६९ मध्ये पदवी घेतली आणि शाळांमधून शिकवायला लागली. किती वर्षं शिकवलं असेल? नऊ. तुझी नऊ आणि तिचीही नऊ. त्या कामात तिचं मन रमत नव्हतं, पण त्याच वर्षांत ती संध्याकाळी गणितं सोडवायची, रचायची आणि लंडनच्या 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकाला पाठवायची. ती छापून यायची, खाली नाव असायचं.

पुढे हेच नाव कामाला आलं. १८७८ साली तिनं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे अर्ज केला. विद्यापीठ सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती आणि तिथं प्रवेश फक्त पुरुषांना. अर्जाखाली सही होती 'सी. लॅड'. तिथले गणिताचे प्रमुख जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी ते नाव त्या नियतकालिकात वाचलेलं होतं. 'सी' म्हणजे क्रिस्टीन, हे उघड झाल्यावर विद्यापीठ मागे सरायला लागलं, पण सिल्व्हेस्टर हटले नाहीत. मग मधला मार्ग निघाला: बाईंनी फक्त सिल्व्हेस्टर यांच्या तासांना बसावं. तिचं काम बघून पुढे इतरांच्या तासांनाही बसू दिलं. तीन वर्षं ५०० डॉलरची फेलोशिपही दिली. पण फेलोंची जी यादी छापली जायची, तीत तिचं नाव घातलं नाही. उद्या दुसरी बाई तेच उदाहरण दाखवेल, ही भीती होती.

पैसे दिले, नाव छापलं नाही. ओळखीचं वाटतंय ना?

१८८२ मध्ये तिचा प्रबंध पूर्ण झाला. मार्गदर्शक चार्ल्स पर्स, त्या काळातलं तर्कशास्त्रातलं मोठं नाव. पुढच्या वर्षी पर्स यांनी संपादित केलेल्या पुस्तकात तो प्रबंध छापूनही आला. डॉक्टरेट मात्र दिली नाही, कारण ती बाई होती. प्रबंध पूर्ण झाला त्याच वर्षी तिनं तिथल्याच गणिताच्या एका अध्यापकाशी, फेबियन फ्रँकलिन यांच्याशी, लग्न केलं आणि ती क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन झाली. पदवी मिळाली १९२६ साली, विद्यापीठाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. तेव्हा तिचं वय ७८ होतं. मधे ४४ वर्षं गेली. गोदाकाठी तीन सिंहस्थ होऊन चौथा तोंडावर यावा, एवढा काळ.

त्या ४४ वर्षांत ती पदवीची वाट बघत बसली नव्हती. नवऱ्याच्या रजेच्या वर्षात जर्मनीला गेली. माणसाला रंग कसे दिसतात यावर तिथं काम केलं आणि १८९२ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वतःची उपपत्ती मांडली. पण मी तुझ्यासारखीच गणिताची, म्हणून मला तिच्या तर्कशास्त्राबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. शिवाय तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ॲरिस्टॉटलपासून तर्कशास्त्र शिकणाऱ्या मुलांना बरोबर अनुमानांचे प्रकार घोकावे लागायचे. दोन विधानं घ्यायची, तिसरं निघतं का ते बघायचं, आणि प्रत्येक प्रकाराचा नियम वेगळा लक्षात ठेवायचा. क्रिस्टीन म्हणाली, उलटं करून बघा. निष्कर्ष नाकारा आणि तो नकार तिसरं विधान म्हणून त्या दोघांशेजारी ठेवा. तिन्ही विधानं एकत्र खरी असूच शकत नसतील, तर मूळ अनुमान बरोबर. सगळ्या प्रकारांना ही एकच कसोटी. आणि अशा न जुळणाऱ्या तीन विधानांत कुठलीही दोन धरली की तिसरं आपोआप खोटं ठरतं.

तिनंच दिलेलं एक उदाहरण आहे. एक छोटी मुलगी काट्यानं सूप पीत होती. कुणीतरी तिला म्हणालं, "काट्यानं कुणीही सूप पीत नाही." ती म्हणाली, "पण मी पिते, आणि मी कुणीतरी आहे." बघ, 'काट्यानं कुणीही सूप पीत नाही', 'मी काट्यानं सूप पिते' आणि 'मी कुणीतरी आहे', ही तीन विधानं एका ताटात बसत नाहीत. मोठी माणसं पहिल्या विधानाला धरून बसतात. त्या पोरीनं दुसरं आणि तिसरं घट्ट धरलं, आणि पहिलं पडलं.

आता वहीच्या मागच्या पानावर तुझी तीन विधानं लिही. एक, पुस्तक ज्यानं लिहिलं त्याचं नाव लेखक म्हणून कव्हरवर असतं. दोन, हे पुस्तक मॅडमनी लिहिलं. तीन, कव्हरवर मॅडमचं नाव नाही. तिन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत. तिसरं डोळ्यांनी दिसतंय. दुसरं सर स्वतः सगळ्यांदेखत सांगतात. म्हणजे त्यांना पहिलं नाकारावं लागतं, आणि ते तोंडानं म्हणणं कुठल्याही शिक्षकाला अवघड आहे. सरांशी बोलशील तेव्हा आवाज चढवायची गरज नाही. तिन्ही वाक्यं शांतपणे त्यांच्यासमोर ठेव आणि विचार, "सर, यातलं कुठलं खोटं आहे ते सांगा." एवढं बोलून थांब. मधल्या शांततेत आपणच घाईनं काहीतरी बोलून त्यांची सुटका करतो, ते या वेळी करू नकोस.

"तुमच्या नावाला कोण ओळखतंय", याचं उत्तर तर नाशिककरांनी दूर शोधायला जाऊच नये. देवळालीच्या शाळेत एक गणिताचे मास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात हुद्दा नाही. आकड्यांशी खेळायचे आणि जे सापडेल ते स्वतःच छोट्या पुस्तिका छापून स्वतःच्या नावावर प्रसिद्ध करायचे. ३५२४ घे. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजा कर: ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता हेच पुढे कितीही वेळा कर, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेतलीस तरी तिथंच येऊन थांबशील. हे त्यांना १९४९ साली सापडलं. त्या पुस्तिका तेव्हा कुणी ओळखत होतं? पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, आणि आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. पुस्तिकेवर नाव नसतं तर त्या आकड्याला कुणाचं नाव दिलं असतं? ओळख नंतर येते गं, आधी नाव छापलेलं असावं लागतं.

आता माझं सांगते, कारण मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही. मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मुलांसाठी कॅल्क्युलसच्या २०० उदाहरणांचा संच केला होता. रात्री स्टेन्सिल कापायचे, सकाळी सायक्लोस्टाइल करून वर्गात वाटायचे, हाताची शाई दोन-दोन दिवस जायची नाही. काही वर्षांनी मेन रोडवरच्या दुकानात एक गाईड चाळत होते. एका प्रकरणात माझीच उदाहरणं, माझ्याच क्रमानं. वर नाव आमच्यातल्याच एका वरिष्ठांचं. मला वाटलं भास होतोय. मग ४३ वं उदाहरण काढलं. त्याच्या उत्तरात माझी एक चूक होती, उण्याचं चिन्ह सुटलं होतं. मी ती वर्गात खडूनं सुधारून घेतली होती, स्टेन्सिलवर तशीच राहिली होती. गाईडमध्ये तेच उत्तर, तीच चूक, उणे गायब. मी दुकानात ते गाईड हातात धरून उभी राहिले आणि काही न बोलता घरी आले. स्टेन्सिलच्या प्रती टाकून दिल्या होत्या. तारीख कुठे लिहिलेली नव्हती. त्या चुकीशिवाय माझ्याकडे पुरावाच नव्हता. हे तुझ्याबाबतीत होऊ द्यायचं नाही.

म्हणून आधी कागद. तुझ्या हस्तलिखित वह्या असतील त्या एका जागी आण. टाइप केलेल्या फायली असतील तर त्यांवर कधी तयार झाल्या ती तारीख असते, त्या जशाच्या तशा दुसरीकडे उतरवून ठेव. सरांनी व्हॉट्सॲपवर "मॅडम, पुढचं प्रकरण कधी देताय" असं विचारलं असेल, ते मेसेज जपून ठेव. आणि एक कायद्याची गोष्ट. तू पगारावर आहेस, त्यामुळे पुस्तकाचा कॉपीराइट कुणाचा यावर वाद होऊ शकतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असलं आणि वेगळा करार नसला, तर तो मालकाकडे जाऊ शकतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं, की हक्क दुसऱ्याकडे गेले तरी 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार राहतो. तू सरांकडे पैशातला वाटा मागत नाहीयेस, हे नाव मागते आहेस. क्लासमध्ये कुठल्या कागदावर सह्या केल्या असतील तर ते घेऊन आधी वकिलाला दाखव. नोटीस पाठवायची घाई नको. आपण कुठे उभ्या आहोत एवढं कळलं तरी बोलताना आवाज थरथरत नाही.

आणि अगदीच एकट्याचं नाव देववत नसेल, तर 'लेखन' म्हणून तुझं आणि 'प्रकाशन' म्हणून क्लासचं, असं सुचव. खरंही तेच आहे. 'विशेष साहाय्य' या शब्दांवर समाधान मानू नकोस.

पगाराचं म्हणशील, तर इथं मी क्रिस्टीनच्या मागे जाऊ नकोस म्हणते. १९०४ पासून काही वर्षं हॉपकिन्समध्ये तिला वर्षाला एखादा विषय शिकवू दिला. नंतर न्यूयॉर्कला गेल्यावर कोलंबिया विद्यापीठात तिनं जवळजवळ आयुष्याच्या शेवटापर्यंत शिकवलं, आणि तेही बिनपगारी. तिला ते परवडलं, कारण घर नवऱ्याच्या मिळकतीवर चालत होतं. एवढ्या तोलामोलाच्या बाईला फुकट राबवून घेतलं, याचा मला आजही राग येतो. तुझ्या घरी तुझ्या पगारातून मुलीची फी जाते. तेव्हा नावाची बोलणी चालू असताना शिकवणं थांबवू नकोस, पण पुढचं प्रकरण, पुढची टेस्ट सिरीज बोलणी झाल्याशिवाय हातात देऊ नकोस. ते तुझ्या पगारातलं काम आहे की वरचं, हे आजवर कुणी विचारलेलंच नाही. आता तू विचार.

क्रिस्टीन गप्प बसणारी नव्हती, हेही सांगायला हवं. टिचनर नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ प्रयोग करणाऱ्यांची एक बैठक भरवायचे आणि तीत बायकांना येऊ द्यायचे नाहीत. कारण काय, तर पुरुषांना मोकळेपणानं धूम्रपान करत चर्चा करायची असते. क्रिस्टीननं त्यांना पत्रं लिहिली. १९१४ ची बैठक तिच्या दारातच, न्यूयॉर्कमध्ये होती. धूर काढायचा तर वेगळा काढा, पण शास्त्रीय चर्चा ही सार्वजनिक गोष्ट आहे, असं तिनं सुनावलं. वर म्हणाली, की तुमचं हे वागणं अनैतिक आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे अशास्त्रीय आहे. तेव्हा ती ६६ वर्षांची होती. जवळपास माझ्याएवढी.

आता सासूबाईंचा प्रश्न. "या वयात कुणाला दाखवायचंय?" मंगला नारळीकर यांनी १९८१ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली, संख्या सिद्धांतातली म्हणजे आपल्या नंबर थिअरीतली. जन्म १९४३ चा, म्हणजे वय साधारण आजच्या तुझ्याएवढंच. लग्नाला पंधराएक वर्षं झालेली, घरात मुली. पुढे त्यांनी शाळेच्या मुलांसाठी किती काम केलं ते तू जाणतेसच. कुणाला दाखवायचं म्हणून त्यांनी ते केलं असेल, असं मला वाटत नाही. एखादं गणित अर्धवट सुटलेलं राहिलं की जीव कसा लागत नाही, ते तुला वेगळं सांगायला नको.

पण सासूबाईंना हे उदाहरण देऊन उपयोग नाही. त्यांच्यापुढे हिशोब मांड, क्रिस्टीननं आजीपुढे मांडला तसा. सकाळची बॅच कधी सुटते, दुपारी किती वेळ मोकळा असतो, रविवारचे किती तास लागतील, फी किती, हे सगळं एका कागदावर लिही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, आणि बायकांना वर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तेही लिही. सेट झालेली आहेस, आता पुणे विद्यापीठाची पेटची, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची, जाहिरात केव्हा येते त्यावर लक्ष ठेव, तुझ्या सेटची त्यात काय सवलत आहे ते नीट वाच, आणि नाशिकच्या कुठल्या संशोधन केंद्रात कोणते गाईड घेताहेत ते जाऊन विचार. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण' या योजनाही बघ, विज्ञानात काम करू पाहणाऱ्या बायकांसाठी आहेत. वयाच्या अटी जाहिरातीत स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

मिस्टरांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. ते शिफ्टमध्ये आहेत म्हणजे काही आठवडे दुपारी घरी असतात. त्या आठवड्यांत मुलीचा अभ्यास आणि रात्रीचा स्वयंपाक त्यांच्याकडे, असं त्यांना सरळ विचारलंस का? विचारलं नसशील तर ते नाही म्हणतील हे आधीच धरून चालू नकोस. आणि घरी बसून वाचन होत नसेल तर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० पासून आपल्या गावात वाचनालय आहे, तिथं टेबलाशी बसलेल्या बाईला उठून चहा टाकायला कुणी सांगत नाही.

सगळ्यात शेवटी सुरगाण्याच्या मुलीकडे येते, खरं तर मला तिच्यापासूनच सुरुवात करायची होती.

१८९३ मध्ये मेरी विन्स्टन नावाच्या एका मुलीला गणित शिकायला जर्मनीतल्या गटिंगनला जायचं होतं. तिनं फेलोशिपसाठी अर्ज केला, मिळाली नाही. तेव्हा क्रिस्टीननं स्वतःजवळचे ५०० डॉलर तिला दिले. पाचशेच. हॉपकिन्सनं वर्षाला जेवढे देऊन नाव छापलं नव्हतं, तेवढेच. मेरी गेली, १८९७ मध्ये गटिंगनची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे जर्मन गणिती हिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध २३ प्रश्नांचं इंग्रजी भाषांतर तिनंच केलं. शिकलेल्या बायकांच्या संघटनेतर्फे मुलींना युरोपात पाठवण्याची फेलोशिप सुरू करण्यात क्रिस्टीनचा मोठा हात होता. पुढे ग्रामोफोनचा शोध लावणारे एमिल बर्लिनर यांनी आपल्या आईच्या नावे बायकांसाठी संशोधनवृत्ती ठेवली, त्यामागेही हीच होती. आणि हे सगळं चालू असताना तिची स्वतःची पदवी कपाटात अडकलेली. मेरीला देताना तिनं 'आधी माझं होऊ दे' म्हटलं नाही. तिच्या सगळ्या कामांत मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तू काही त्या मुलीला पाचशे डॉलर द्यायला नकोस. तिला एक संध्याकाळ दे. सांग की हो, करतात बायका. मंगलाताईंचं सांग. रामन परिमला यांचं सांग: मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये बीजगणितात काम केलं, १९८७ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, आणि २०१० मध्ये हैदराबादला जगभरचे गणिती जमले तेव्हा मुख्य व्याख्यात्यांत त्या होत्या. इराणच्या मरियम मिर्झाखानीला २०१४ मध्ये गणितातलं मानाचं फील्ड्स मेडल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. मग तिला वाटा सांग: पुण्याची आयसर ही विज्ञान-संशोधनाची संस्था, चेन्नईची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा बंगळुरूचा बी.मॅथ. या सगळ्यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात, बारावीच्या मार्कांवर विसंबून चालत नाही, आणि ही गोष्ट सुरगाण्यात तिला कोण सांगणार? फॉर्म भरायच्या तारखा तिच्या वहीत तू लिहून दे. इथंच बी.एस्सी. केलं तरी उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण कार्यक्रमाची शिबिरं असतात, १९९३ पासून चालू आहेत, गणितात खरी गोडी असलेल्या मुलांना वेचून घेतात. जायचा-राहायचा खर्च कसा भागतो तेही तिच्यासमोर बसून बघ. तिच्या घरचे आधी तेच विचारतील.

ती मुलगी डाउटला पुन्हा थांबली का, हे तू लिहिलं नाहीस. थांबली नसेल तर तूच बोलाव.

पुस्तकाची नवी आवृत्ती बहुतेक जूनच्या बॅचसाठी छापायला जात असेल. कव्हर प्रेसला कधी जातं, ती तारीख मला कळव. सरांशी बोलणं त्याच्या निदान महिनाभर आधी व्हायला हवं. जाण्यापूर्वी वह्या आणि कागद घेऊन एकदा माझ्याकडे ये, सदराच्या पत्त्यावर चिठ्ठी टाकलीस तरी मी वेळ कळवेन. दोघी बसून ती तीन वाक्यं पुन्हा एकदा नीट लिहून काढू.

तुझी,
मावशी